पटावरचे महायंत्र आणि मलिक-ए-मैदान

सौंदर्यविचाराची आपली परिभाषा ज्या वस्तूंसाठी घडलेली नाही, अशा वस्तूंवर ती अधूनमधून चालवून पाहावी, असे माझे जुने मत आहे. कविता, कादंबरी, नाटक यांच्या बाबतीत ही परिभाषा इतकी अंगवळणी पडलेली असते, की ती वापरताना आपण खरोखरच काही पाहिले की केवळ संज्ञांची उजळणी केली, हे आपले आपल्यालाच उमगेनासे होते. परकी वस्तू समोर आली की संज्ञा अडखळतात; आणि त्या कोठे अडखळतात हे पाहणे बोधप्रद असते. प्रस्तुत टिपणासाठी निवडलेली वस्तू पुरेशी परकी आहे. टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत एक महाकाय युद्धयंत्र असते. ते दोन पायांवर चालते, त्याच्या खांद्यांवर तोफा असतात आणि आत माणूस बसलेला असतो. प्रत्यक्षात ही प्लास्टिकची वीतभर उंचीची, हाताने जोडलेली आणि रंगवलेली आकृती असते. अशा यंत्राचे संकल्पन चांगले आहे असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला स्वतःहून सुचला नसता. पदव्युत्तर वर्गातल्या माझ्या एका विद्यार्थ्याने आपल्या लघुप्रबंधासाठी ‘युद्धखेळांच्या नियमपुस्तकांतील कथन’ असा विषय मांडला. ज्या समितीपुढे तो गेला तिने ‘विषयाचे वाङ्मयीन मूल्य मार्गदर्शकाने स्पष्ट करावे’ असा शेरा मारून तो परत पाठवला. शेऱ्यात गैर काही नव्हते. साहित्याच्या विभागाने कशाला साहित्य म्हणावे हा वाद आपल्याकडे दर दहा वर्षांनी नव्याने होतो, आणि दर वेळी एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष त्यात खर्ची पडते. मी समितीला जे स्पष्टीकरण लिहिले ते एका पानाचे होते. त्या पानात मावले नाही ते येथे लिहीत आहे. विद्यार्थी खारे कर्जुनेच्या बाजूच्या गावचा आहे, हेही आताच सांगून ठेवतो. नगरकडच्या वाचकांना त्याचा अर्थ लगेच कळेल. इतरांसाठी तो पुढे येईल.

आधी खेळाविषयी थोडे. युद्धाचा पट मांडणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही, चतुरंग आपलाच. परंतु आधुनिक युद्धखेळाचा उगम प्रशियात झाला. राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८१२ मध्ये तेथील राजापुढे एक टेबल ठेवले. त्यावर भूप्रदेशाचे तुकडे हवे तसे मांडता येत. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्या खेळाचे नियम सुधारून प्रसिद्ध केले आणि तो लष्करी शिक्षणाचा भाग झाला. एच. जी. वेल्सने १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात हाच प्रकार घरातल्या जमिनीवर, शिशाच्या शिपायांनिशी आणि खेळण्यातल्या तोफांनिशी खेळण्याचे नियम दिले. हा तोच वेल्स. १८९८ मध्ये त्याने मंगळावरून आलेली तीन पायांची चालती युद्धयंत्रे कल्पिली होती, आणि १९०३ मध्ये ‘द लँड आयर्नक्लॅड्स’ या कथेत रणगाड्याची चाहूल दिली होती. चालते यंत्र, रणगाडा आणि टेबलावरचा खेळ या तिन्ही गोष्टी एकाच लेखकाच्या मनात एकमेकींच्या शेजारी नांदत होत्या, हे मला योगायोगाचे वाटत नाही. पुढे जपानी सजीवपटांनी, विशेषतः १९७९ च्या ‘गंडाम’ने, माणूस आत बसून चालवतो अशा यंत्रमानवाला लोकप्रिय रूप दिले. १९८४ मध्ये अमेरिकेत ‘बॅटलटेक’ हा खेळ आला आणि १९८८ मध्ये इंग्लंडात गेम्स वर्कशॉपचा ‘अडेप्टस टायटॅनिकस’. आमच्या विद्यार्थ्याजवळची आकृती या दुसऱ्या घराण्यातली आहे. ती ‘इम्पीरियल नाइट’ या नावाची असून २०१४ पासून बाजारात आहे. एकच चालक, पुढे झुकलेली पाठ, एका हाताला तोफ आणि दुसऱ्याला करवतीची तलवार, असे तिचे रूप आहे.

अशा यंत्राविरुद्ध पहिला आक्षेप अभियंत्याचा असतो. दोन पायांवर उभा असलेला एवढा भार जमिनीत रुतेल. उंची जितकी अधिक तितके ते लांबून दिसेल. एक गुडघा निकामी झाला की सारे यंत्र कोसळेल. नगरमध्ये राहणाऱ्याला हा आक्षेप पुस्तकातून वाचावा लागत नाही. येथील चिलखती दलाच्या केंद्राने फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू केलेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. रोल्स-रॉइसची चिलखती मोटार, मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, विजयंता असे पन्नासच्या आसपास नमुने तेथे उघड्यावर मांडलेले आहेत. त्या रांगांतून हिंडताना लक्षात येते, की खऱ्या युद्धयंत्राच्या उत्क्रांतीचा एक मोठा धागा बुटके होण्याचा आहे. सेंच्युरियन तीन मीटरच्या घरात उंच आहे, तर सोव्हिएत टी-५५ अडीच मीटरच्याही आत. दडायला मिळणे ही रणगाड्याची मोठी विद्या आहे. महायंत्र मात्र दडण्यासाठी नसतेच. ते दिसण्यासाठी असते.

अभियंत्याचा आक्षेप म्हणजे आपल्याकडच्या वास्तववादी समीक्षेचा भाऊच. ‘असे कोठे घडते काय?’ हा प्रश्न दोघेही सारख्याच आत्मविश्वासाने विचारतात. त्याला उत्तर क्षेमेंद्राच्या औचित्यविचारातून देता येईल. औचित्य म्हणजे बाह्य वास्तवाशी जुळणे नव्हे. ज्याला जे अनुरूप त्याच्याशी ते जुळणे होय. पटाचे वास्तव वेगळे असते. तेथे खेळाडू उभा राहून वरून पाहतो, त्याची नजर आकाशातल्या घारीची असते. अशा नजरेला बुटका रणगाडा म्हणजे सपाट पेटी दिसते. दोन पायांवर उभी असलेली, खांदे आणि डोके असलेली आकृती मात्र वरून आणि लांबूनही क्षणात ओळखू येते. तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे कळते, आणि या खेळांत तोंडाच्या दिशेवर बरेच काही अवलंबून असते, कारण पाठीमागचे चिलखत पातळ धरलेले असते. तेव्हा रणभूमीवर जो दोष तो पटावर गुण ठरतो. हे समर्थन बरोबर आहे, पण ते पुरेसे नाही. ओळखू येणे हा गुण पोस्टाच्या पेटीतही असतो.

मर्ढेकरांची लयीची मांडणी येथे मला अधिक उपयोगी वाटली. संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांनी त्यांनी सौंदर्यवस्तूची घडण समजावून सांगितली. पुढे रा. भा. पाटणकरांसारख्यांनी तिची कसून तपासणी केली. तो वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. या आकृतीपुरते पाहिले तर पायाचा पंजा, मांडीवरचे चिलखत आणि पाठीचे कवच यांचे वक्र एकमेकांना प्रतिसाद देतात; हा संवाद. प्रचंड खांद्यांच्या मध्ये खाली ओढून घेतलेले लहानसे डोके, हा विरोध. तो काढून तेथे मोठे डोके बसवले तर यंत्राचा माणूस होतो आणि सारे हास्यास्पद दिसू लागते. आणि तोफ व तलवार? त्या दोन हातांत साम्य नाही. एक लांबवर मारा करणारा, दुसरा अंगाशी भिडणारा. तरी पुढे टाकलेल्या पावलामुळे त्यांचा तोल साधतो, हा समतोल. एवढ्यावर मी समितीला पटवू शकलो असतो. पण मर्ढेकरांच्या मांडणीविषयीची जुनी तक्रार येथेही उभी राहतेच: लयीच्या दृष्टीने निर्दोष अशी आकृती आणि अर्थाच्या दृष्टीने समृद्ध अशी आकृती यांत फरक कसा करायचा?

तो फरक आकाराच्या प्रश्नापाशी सापडतो. क्लोद लेव्ही-स्ट्रॉसने १९६२ च्या आपल्या ग्रंथात लघुप्रतिकृतीविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. मोठी वस्तू आपण भागाभागाने जाणत संपूर्णापर्यंत पोहोचतो; लहान प्रतिकृतीत संपूर्ण आधी हाती येते आणि भाग मागाहून. त्यामुळे लघुरूप पाहणाऱ्याला वस्तूवर सत्ता मिळाल्याचा आनंद होतो. आता महायंत्राची गंमत अशी, की ते लघुरूपातील महाकायपण आहे. ते तळहातावर मावते, पण त्याच्या पायाशी उभे असलेले शिपाई बोटाच्या पेराएवढे असतात. खेळाडूला एकाच वेळी दोन मापांत पाहावे लागते: आपल्या हाताच्या मापात आणि त्या शिपायाच्या मापात. ही दुहेरी नजर साधून देण्यासाठी यंत्राच्या अंगावर लहान लहान खुणा लागतात. रिवेट, शिडीच्या पायऱ्या, एखादा कठडा, झाकण. या खुणा नसतील तर तेच प्लास्टिक बाहुली होते. उलट १९९० च्या दशकात त्याच इंग्रजी घराण्यातल्या सर्वांत मोठ्या यंत्राच्या पाठीवर चक्क गॉथिक चर्चसारखे शिखरांचे शहर बसवलेले होते आणि पावलांमध्ये बुरूज होते. ते पाहून माझ्या मनात पहिल्यांदा जी प्रतिमा आली ती बुद्धिबळाच्या पटावरची.

आपल्या भाषेत बुद्धिबळाच्या त्या सोंगटीला हत्ती म्हणतात. परंतु आज घरोघरी जे सोंगट्यांचे संच असतात ते १८४९ मध्ये इंग्लंडात नोंदवलेल्या, स्टाँटनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घाटाचे. त्यातली ही सोंगटी बुरुजाच्या आकाराची असते. म्हणजे मराठी मूल बुरूज उचलते आणि ‘हत्ती’ म्हणते. चिन्हक आणि चिन्हित यांचा संबंध यादृच्छिक असतो हे विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी मी झाडाऐवजी नेहमी हेच उदाहरण घेतो. पण नीट पाहिले तर हा संबंध तितकासा यादृच्छिक नाही. पाठीवर अंबारी आणि अंबारीत धनुर्धर वाहणारा हत्ती हा चालता बुरूजच होता. शब्दाने त्याचे शरीर जपले, सोंगटीने त्याची पाठ जपली. पाठीवर शहर वाहणारे ते इंग्रजी महायंत्र या दोन्ही अर्ध्यांना नकळत पुन्हा जोडते. देशीयतेचा मुद्दा उपस्थित करण्याची ही जागा आहे, असे काही वाचकांना वाटेल. मी तो एवढाच करतो: महायंत्र आपल्याकडे बाहेरून आले असे म्हणणाऱ्याने आधी आपल्या पटावरचा हत्ती पाहावा, आणि मग नगरची तोफ पाहावी.

नगरची तोफ म्हणजे मलिक-ए-मैदान. ती आज विजापूरला शेरझा बुरुजावर आहे, पण ओतली गेली ती अहमदनगरला, १५४९ मध्ये, बुर्‍हाण निजामशाहाच्या काळी. ओतणाऱ्याचे नाव तोफेवरच आहे: मुहम्मद बिन हसन रूमी. लांबी साडेचार मीटरच्या आतबाहेर, घेर असा की बाजूला उभ्या राहिलेल्या माणसाच्या खांद्याला लागावी, आणि वजन सुमारे ५५ टन. संग्रहालयातला सेंच्युरियन पन्नासएक टनांचा आहे. म्हणजे चार शतकांपूर्वी नगरच्या कारागिरांनी एका रणगाड्याहून जड वस्तू एकसंध ओतली. आणि तिला तोंड दिले. तोंड हा शब्द आपण बंदुकीच्या नळीलाही वापरतो, पण येथे तो शब्दशः घ्यावा. तोफेचे मुख जबडा उघडलेल्या सिंहाचे आहे, आणि त्याच्या सुळ्यांमध्ये चिरडला जाणारा हत्ती कोरलेला आहे.

हत्ती चिरडणारा पशू आपल्या शिल्पपरंपरेत नवा नाही. किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ असतात. जंजिऱ्याच्या दरवाजावरच्या पशूने तर सहा हत्ती धरून ठेवले आहेत. परंतु दरवाजावरचा शरभ हे रूपक आहे. तो कोणालाही खात नाही. तोफेवरचा सिंह जे दाखवतो तेच करतो. दारूगोळ्याच्या नव्या युगाने जुन्या युगाच्या सर्वांत मोठ्या युद्धयंत्राला, म्हणजे हत्तीला, गिळले आहे, आणि हे विधान त्या युगाने आपल्याच तोंडावर कोरून ठेवले आहे. अलंकार आणि कार्य यांचा असा संयोग मी अन्यत्र फारसा पाहिलेला नाही. अलंकार हा शरीरावर चढवलेला दागिना की शरीराचाच धर्म, हा आपल्या काव्यशास्त्रातला जुना झगडा त्या तोंडापाशी निकालात निघतो.

याच्या शेजारी ‘बॅटलटेक’मधले ॲटलस हे यंत्र ठेवून पाहावे. वजन शंभर टन, खेळातले सर्वांत भारी वर्गाचे. डोके मानवी कवटीच्या आकाराचे. खेळाच्या कथेतच सांगितलेले आहे, की ते भीती उत्पन्न करण्यासाठी तसे घडवले. कवटी परिणामकारक आहे, यात शंका नाही. पण ती केवळ ‘भ्या’ म्हणते. कोणी कोणाला का भ्यावे, कोणत्या काळाने कोणत्या काळाला हरवले, याविषयी ती गप्प आहे. ती समुद्री चाच्याच्या निशाणावरही तितकीच शोभेल आणि विषाच्या बाटलीवरही. मलिक-ए-मैदानचे तोंड दुसरीकडे कोठेही शोभणार नाही. माझ्या मते संकल्पनाच्या उंचीची ही एक चांगली कसोटी आहे. विद्यार्थ्याला ती मान्य नाही. त्याचे म्हणणे असे, की ॲटलसचे खरे तोंड त्याच्या नोंदपत्रकात आहे.

हा मुद्दा त्याच्या प्रबंधाचा गाभा असल्यामुळे थोडे थांबून सांगतो. बुद्धिबळातला हत्ती एकतर पूर्ण जिवंत असतो किंवा पटाबाहेर असतो. मधली अवस्था नाही. ‘बॅटलटेक’मध्ये प्रत्येक यंत्रामागे एक छापील पत्रक असते. त्यावर डोके, धड, हात, पाय यांच्या चिलखताची लहान वर्तुळे असतात, आणि मार बसेल तशी खेळाडू ती पेन्सिलीने भरत जातो. शिवाय शस्त्रे चालवली की यंत्र तापते. फार तापले की मंद होते, नेम चुकतो, शेवटी आपोआप बंद पडते. म्हणजे शक्तीचा प्रत्येक वापर हा स्वतःवरचाही आघात असतो. डाव संपतो तेव्हा हातात एक पत्रक उरते आणि त्यावर एका शरीराच्या झिजण्याचा क्रमवार वृत्तांत असतो. त्याला कथन का म्हणू नये, असा विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. समितीला मी लिहिले, की त्याला कथन म्हणण्यास हरकत नाही. मात्र ते कोणाचे कथन, हे ठरवावे लागेल. कारण शीर्षावरचे वर्तुळ भरले की आतला चालक मरतो, आणि पत्रकावर त्याला एक ओळ असते.

त्या पत्रकांच्या इतिहासात एक प्रकरण आपल्या वाचकांच्या आस्थेचे आहे. ‘बॅटलटेक’च्या प्रारंभीच्या कित्येक यंत्रांची चित्रे जपानी सजीवपटांतल्या यंत्रांवरून घेतलेली होती. हक्कांवरून वाद झाला, आणि १९९६ मध्ये प्रकाशकांनी ती चित्रे छापणे थांबवले. यंत्रांची नावे, वजने, नियम तसेच राहिले; रूपे तेवढी नाहीशी झाली. खेळाडू त्यांना ‘अनसीन’, न दिसणारी, म्हणू लागले. पुढे अनेक वर्षे लोक या देहरहित यंत्रांनिशी खेळत होते. लेखक मरतो हे आपण बार्थकडून ऐकले होते; येथे संहिता जिवंत आणि चित्र मृत, असा प्रकार झाला. बार्थचेच १९५७ च्या संग्रहातले खेळण्यांवरचे छोटे टिपण विद्यार्थ्याने समितीपुढे ठेवले होते. खेळणी मुलाला मोठ्यांचे जग, त्यातले सैन्यही, अगोदरच मान्य करायला लावतात, असा त्याचा रोख आहे. टिपण उत्तमच आहे. पण बार्थपुढे तयार खेळणे होते. सुट्या भागांतून जोडलेल्या, तासून-भरून बदललेल्या, महिनाभर रंगवलेल्या आकृतीविषयी ते तितकेसे लागू पडत नाही, असे मला वाटते.

आता तोफेकडे परत येऊ, कारण तिची खरी कथा तोंडाशी संपत नाही. मलिक-ए-मैदान तालिकोटच्या १५६५ च्या लढाईत होती असे सांगतात. त्या लढाईत निजामशाही तोफखान्याने तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून मारा केल्याची हकिगत फेरिश्ताने दिली आहे. नंतर ती परंड्याच्या किल्ल्यात होती, आणि १६३२ मध्ये तेथून विजापूरला नेली गेली. नेताना चारशे बैल आणि दहा हत्ती जुंपल्याचे सांगितले जाते, माणसे वेगळीच. म्हणजे जिच्या तोंडात हत्ती चिरडलेला आहे ती तोफ हत्तींनीच ओढली. शिल्पकाराला ही उपरोधाची कल्पना असण्याचे कारण नाही. पण आपल्याला ती टाळता येत नाही. भरतमुनींनी करुणाची उत्पत्ती रौद्रातून सांगितली आहे. ती का, हे शिकवताना मला परंडा ते विजापूर हा रस्ता आठवतो.

चालत्या महायंत्राच्या कल्पनेमागची इच्छा या रस्त्यावर उघडी पडते. बैलांशिवाय, दोरांशिवाय, चिखलात खांदा देणाऱ्या माणसांशिवाय स्वतःच्या पायांनी चालणारी तोफ ही ती इच्छा. पाय हे त्या यंत्राचे सर्वांत मोहक अंग, आणि सर्वांत खोटेही. खोटे अशासाठी नव्हे, की ते जमिनीत रुततील. ते अभियंत्याचे काम. खोटे अशासाठी, की युद्धयंत्र हलवण्यामागे जे असंख्य हात असतात ते त्या पायांनी पुसून टाकले आहेत. म्हणून माझ्या लेखी चांगले संकल्पन ते, जे पुसलेले कोठेतरी परत आणते: देखभालीची शिडी, तेलाचा ओघळ, दुरुस्तीचा विजोड पत्रा, आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वाट. आकाराची जाणीव देणाऱ्या खुणा म्हणून ज्यांचा उल्लेख आधी केला त्याच या. फरक एवढाच, की मघाशी त्या मापाच्या खुणा होत्या, आता त्या माणसाच्या आहेत.

खऱ्या यंत्राला नाव असते तेव्हा हे अधिक तीव्रतेने जाणवते. ‘फामागुस्ता’ हे सायप्रसमधल्या एका बंदराचे नाव. ते नाव असलेला सेंच्युरियन रणगाडा नगरच्या चिलखती दलाच्या केंद्रात जतन केलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्यात होते. रणगाड्याला आग लागली, बाहेर पडण्याचा आदेश आला. तोफ अजून चालते आहे असे सांगून ते आतच राहिले. पुढच्या आघातात त्यांचा मृत्यू झाला. वय २१. परमवीरचक्र मरणोत्तर मिळाले. या घटनेला मी कोणतीही सौंदर्यशास्त्रीय संज्ञा लावणार नाही. मात्र इतके नोंदवतो, की पटावरच्या महायंत्रांनाही खेळाडू नावे ठेवतात, लॅटिन वळणाची, भारदस्त. आणि त्यांतली बहुतेक नावे विशेषणे असतात, स्थळे नसतात.

विद्यार्थ्याबरोबर मी संग्रहालयात गेलो ते या संदर्भात. तो प्रत्येक रणगाड्याची झाकणे पाहत होता. किती आहेत, कोठे आहेत, पेटलेल्या यंत्रातून चालकाला आधी बाहेर पडता येईल की तोफचीला, त्याची आडवी-उभी मापे किती. एका ठिकाणी त्याने टीप टिपून घेतली आणि म्हणाला, “सर, आमच्याकडे आवाजावरूनच कळतं. आधी जमीन हलते, मग आवाज येतो.” खारे कर्जुनेच्या नावानेच लष्कराची के. के. रेंज ओळखली जाते. नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांच्या सीमेवर तोफांच्या आणि रणगाड्यांच्या सरावाचे हे क्षेत्र. सरावाच्या काळात भोवतालच्या गावांतली भांडी वाजतात, आणि वाढीव भूसंपादनाची टांगती तलवार त्या गावांवर वर्षानुवर्षे राहिलेली आहे. सराव संपल्यावर उरलेले धातूचे तुकडे वेचून भंगारात घालणे हा त्या भागातला जीवघेणा उद्योग. न फुटलेला गोळा फुटून माणसे गेल्याच्या बातम्या नगरच्या वर्तमानपत्रांत येत राहिल्या आहेत. युद्धयंत्राकडे पाहण्याची ही एक तिसरी पद्धत. रसिक रूप पाहतो, अभियंता कार्य पाहतो, आणि भंगारवाला वजन पाहतो. मलिक-ए-मैदानकडेही एकदा असे पाहिले गेले. १८५४ मध्ये इंग्रजांनी तिचा लिलाव पुकारला, तेव्हा सर्वांत मोठी बोली दीडशे रुपयांची आली. एवढ्याला विकण्यापेक्षा ठेवलेली बरी, म्हणून तोफ वाचली. ५५ टनांना दीडशे रुपये, म्हणजे टनाला तीन रुपयेही नाहीत. ते तोंड कोणाच्या हिशेबात धरले गेले नव्हते. आणि बोली थोडी चढली असती तर त्या तोंडाविषयी मी आज हे लिहू शकलो नसतो.

समितीने विषय मान्य केला, शीर्षकातला ‘कथन’ हा शब्द ठेवून आणि ‘युद्धखेळ’ पुढे ‘आधुनिक’ हे विशेषण घालून. विशेषण कशासाठी ते विचारण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. विद्यार्थी पहिले प्रकरण घेऊन घरी आला तेव्हा पिशवीत ती आकृतीही होती. तिचा जुना लाल-सोनेरी रंग त्याने खरवडून काढला होता. नवा रंग मातकट, गुडघ्यापर्यंत नगरच्या चिखलाचा. एका पायाच्या पत्र्यावर देवनागरीत गावाचे नाव, माझ्या चष्म्यालाही जेमतेम वाचता येईल इतके बारीक. पाठीच्या कवचावर त्याने प्लास्टिकच्या पट्टीतून एक झाकण स्वतः कापून बसवले होते, उघडे, आणि त्याच्या कडेला काजळी. मी त्याला पहिल्या प्रकरणातल्या संदर्भांविषयी काही विचारत होतो. त्याचे लक्ष नव्हते. खिशातून त्याने पेराएवढा शिपाई काढला आणि झाकणाशी धरून पाहिला. शिपायाचे खांदे अडकत होते.

“कडा अजून तासावी लागेल,” तो म्हणाला, आणि माझ्या टेबलावरची कागद कापायची सुरी मागितली.